भाडेकरू बँकेनं इमारतीचा कार्बन-हिशोब मागितलाय: कुठली नोंद ठेवायची, कुठला आकडा द्यायचा?

गाळेमालक_जालनारोड
छत्रपती संभाजीनगर, जालना रोड. तळमजला अधिक चार मजले, बांधीव २८,००० चौरस फूट, पार्किंग वेगळं. बहुतेक भाडेकरूंची महावितरणची स्वतंत्र मीटरं आहेत. पहिल्या मजल्यावरची दोन लहान कार्यालयं मात्र सामायिक मीटरवर आहेत. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवेही त्याच मीटरवर. ६२.५ केव्हीएचा एक जनरेटर सगळ्यांना मिळून. गच्चीवर २० किलोवॅट सौर, नेट मीटरसह (ग्रिडकडून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज दोन्ही मोजणारं मीटर), तेही सामायिक मीटरला जोडलेलं.

भाडेकरूंपैकी एक शेअर बाजारात नोंदलेली बँक आहे. तिनं एप्रिल ते मार्च या वर्षाचा तक्ता मागितलाय: वीज, डिझेल, एसीचा गॅस, पाणी, आणि शेवटी 'टन कार्बन डायऑक्साइड'. हे देणं बंधनकारक आहे का? आणि द्यायचंच तर नेमकं कशावरून काढायचं?

हिशोबनीस
आधी बंधनाचं. सेबीनं बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून 'बीआरएसआर' अहवाल (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा वार्षिक अहवाल) सक्तीचा केलाय. त्यात ऊर्जा, पाणी, कचरा आणि उत्सर्जन द्यावं लागतं. ते बंधन बँकेवर आहे, तुमच्यावर नाही. तुमच्यावर जे येतं ते भाडेकरारातून. करारात 'आवश्यक माहिती पुरवणे' असं कलम असेल तर द्यावंच लागेल. नसलं तरी द्या असंच मी म्हणेन. पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी हे कलम हमखास येणार आहे, तोवर नोंदी जागेवर असलेल्या बऱ्या.

आपल्याकडची महापालिका इमारतीकडून असा वार्षिक अहवाल मागत नाही. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत १०० किलोवॅट जोडभार (जोडलेल्या सगळ्या उपकरणांचा मिळून भार) किंवा १२० केव्हीए करारमागणी ही मर्यादा आहे, पण तो बांधकामाच्या आराखड्याचा नियम. त्याची आणि या तक्त्याची गल्लत करू नका.

आता वर्गवारी. उत्सर्जन तीन 'स्कोप'मध्ये विभागतात: १ म्हणजे स्वतःकडे थेट झालेलं, २ म्हणजे विकत घेतलेल्या विजेचं, ३ म्हणजे आपल्याशी संबंधित पण दुसऱ्याकडे झालेलं. तुमच्या जनरेटरमध्ये जळलेलं डिझेल आणि तुमच्या मालकीच्या एसीमधून गळलेला गॅस हा तुमचा स्कोप १. सामायिक मीटरची वीज तुमचा स्कोप २. बँकेच्या स्वतःच्या मीटरची वीज तिचा स्कोप २. तुमच्या बाजूनं पाहिलं तर ती स्कोप ३. जनरेटरच्या विजेतला बँकेचा वाटा कुठल्या रकान्यात बसवायचा ते तिचे लेखापरीक्षक ठरवतील. तुम्ही लिटर आणि युनिट दोन्ही द्या, वर्गवारीच्या वादात पडू नका.

मीटर_मोजमाप
दादा, गुणाकार हे सगळ्यात सोपं काम आहे. अहवाल परत येतो तो मीटरच्या आकड्यांमुळे. क्रमानं घ्या.

सगळ्यात आधी एक मीटरयादी करा. इमारतीतल्या प्रत्येक जोडणीचा १२ अंकी ग्राहक क्रमांक, मीटरचा अनुक्रमांक, कुठला गाळा, आणि बिल कोण भरतं. ही यादी केली की एखादं विसरलेलं मीटर हमखास सापडतं: बोअरच्या पंपाचं जुनं, जाहिरातफलकाचं, नाहीतर बांधकामाच्या वेळी घेतलेलं आणि कधी बंदच न केलेलं.

मग १३ बिलं काढा, १२ नव्हे. रीडिंग महिनाअखेरीला होत नाही. समजा ९ मार्च ते ९ एप्रिल या ३१ दिवसांचं बिल १,८६० युनिटचं आहे. रोजचे ६० झाले. ९ ते ३१ मार्च हे २३ दिवस, म्हणजे १,३८० युनिट जुन्या वर्षात. उरलेल्या ८ दिवसांचे ४८० नव्या वर्षात. वर्षाच्या दोन्ही टोकांना ही विभागणी करायची. मधल्या महिन्यांना हात लावायची गरज नाही.

तिसरं, सरासरी बिलं. मीटरपर्यंत पोचता आलं नाही किंवा मीटर बंद पडलं की सरासरीवर बिल येतं आणि पुढच्या प्रत्यक्ष रीडिंगला ते वळतं होतं. अशा वेळी बिलातले युनिट नुसते बेरजेत धरू नका. सरासरीच्या आधीचं शेवटचं प्रत्यक्ष रीडिंग आणि नंतरचं पहिलं प्रत्यक्ष रीडिंग घ्या, आणि त्यांची वजाबाकी करा.

चौथं म्हणजे गुणक अवयव, बिलावर एमएफ. सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर, मोठा प्रवाह ठरावीक प्रमाणात लहान करून मीटरला देणारा) लावलेल्या मीटरवर दिसणारा फरक एमएफनं गुणल्याशिवाय युनिट होत नाहीत. मोबाइलवर मीटरचे फोटो काढून वजाबाकी करणारे इथंच फसतात. एमएफ २० असेल तर वापर वीस पट कमी दिसतो. बिलावरून आकडा घेतला तर ही अडचण येत नाही.

आणि उच्चदाब जोडणी असणाऱ्यांसाठी: एप्रिल २०२० पासून आकारणी केव्हीएएचवर (उघड ऊर्जा) होते, उत्सर्जन मात्र केडब्ल्यूएचवर (प्रत्यक्ष ऊर्जा, म्हणजेच नेहमीचे युनिट) काढायचं. बिलात दोन्ही असतात. पॉवर फॅक्टर (या दोन्हींचं गुणोत्तर) ०.९२ असेल तर १०,००० केव्हीएएच म्हणजे ९,२०० केडब्ल्यूएच. चुकीचा रकाना उचलला की उत्सर्जन विनाकारण वाढून जातं.

औंढा_रोड
विजेच्या उत्सर्जनाचा गुणक, म्हणजे युनिटमागं किती किलो कार्बन डायऑक्साइड, कुठला लावायचा? परळीचं औष्णिक केंद्र आपल्या जवळ, म्हणजे आपली वीज जास्त कोळशाची धरायची का?

मीटर_मोजमाप
नाही. २०१३ च्या डिसेंबरअखेर दक्षिणेचं जाळंही जोडलं गेलं आणि देशाचं ग्रिड एक झालं. तेव्हापासून गुणकही देशभर एकच. केंद्रीय विद्युत प्राधिकरण तो दर आर्थिक वर्षासाठी जाहीर करतं. २०२२-२३ साठी ०.७१६ आणि २०२३-२४ साठी ०.७२७ किलो प्रति युनिट, अक्षय ऊर्जेसह भारित सरासरी. ज्या वर्षाचा हिशोब, त्या वर्षाचा गुणक. तो अजून आला नसेल तर शेवटचा जाहीर झालेला लावा आणि आवृत्ती क्रमांकासह खाली टीप लिहा. टीप नसली की पुढच्या वर्षी तुलना करताना वीज वाढली की गुणक, हे कुणालाच सांगता येत नाही.

लातूरकर_सौर
नेट मीटरवाल्यांची ठरलेली चूक सांगतो. बिलात शेवटी 'निव्वळ युनिट' असतात, तेच वापर म्हणून लिहिले जातात. तो आकडा पैशाचा आहे, ऊर्जेचा नाही.

तीन आकडे वेगवेगळे लागतात: ग्रिडकडून घेतलेले, ग्रिडला दिलेले आणि सौरनिर्मिती. पहिले दोन बिलात असतात. तिसरा सौरनिर्मितीच्या मीटरवर. इन्व्हर्टरच्या ॲपमधला आकडा त्याच्याशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून मीटरचाच घ्या.

गाळेमालक दादांच्या २० किलोवॅटसाठी नमुना म्हणून धरू: निर्मिती २६,८००, दिलेले ९,१००, घेतलेले १४,२००.
सौरचा स्वतःचा वापर = २६,८०० − ९,१०० = १७,७०० युनिट.
सामायिक मीटरवरचा एकूण वापर = १४,२०० + १७,७०० = ३१,९०० युनिट.
स्कोप २ = १४,२०० × ०.७२७ = १०,३२३ किलो, म्हणजे १०.३ टन.

निव्वळ धरले असते तर ५,१०० युनिटचे ३.७ टनच आले असते. ग्रिडला दिलेली वीज ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉलप्रमाणे (उत्सर्जन मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत) स्कोप २ मधून वजा होत नाही. ती वेगळ्या ओळीत लिहा. तिचं महत्त्व आहेच, पण तिची जागा वेगळी.

बीआरएसआरच्या तक्त्यात अक्षय आणि अनक्षय ऊर्जा वेगळी द्यायची असते आणि ती जूलमध्ये. १ युनिट म्हणजे ३.६ मेगाजूल. १७,७०० युनिटचे ६३.७ गिगाजूल अक्षयमध्ये जातील.

गोदाकाठ_नांदेड
डिझेलबद्दल लिहितो, कारण सगळ्यात ढिला कारभार तिथंच असतो. बँकेचे लोक पंपाच्या पावत्या मागायलेत, आणि मालक त्या पावत्यांची बेरीज करून पाठवायलेत. पावती म्हणजे खरेदी झाली, वापर नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दोनशे लिटरचं पिंप भरून ठेवलं तर ते डिझेल पुढच्या वर्षाचं.

वापर = सुरुवातीचा साठा + वर्षभराची खरेदी − शेवटचा साठा. त्यासाठी १ एप्रिलला सकाळी टाकीत पट्टी घालून उंची लिहून ठेवा. जनरेटर बंद होऊन अर्धा तास झाल्यावर मोजा, तोवर परतीच्या नळीतलं डिझेल टाकीत येऊन जातं. टाकी सरळ चौकोनी असेल तर लांबी × रुंदी × उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन १,००० नं भागा, लिटर आले. तळ गोलाकार असेल तर एकदाच दहा-दहा लिटर ओतत पट्टीवर खुणा करून घ्या. एका दुपारचं काम आहे, मग कायमची सोय.

वहीत रकाने एवढेच: तारीख, चालू केला ती वेळ, बंद केला ती वेळ, तासमापकाचा आकडा, केडब्ल्यूएच, ओतलेलं डिझेल, सही. वॉचमनला 'वीज गेली किती वाजता' हे लिहायला लावू नका. तासमापकाचा आकडा लिहायला लावा.

मग ताळा. ६२.५ केव्हीए म्हणजे साधारण ५० किलोवॅट. पाऊण भारावर तासाला ११ लिटरच्या आसपास जातं, एका लिटरला तीन-सव्वातीन युनिट पडतात. पाव भारावर तेच अडीचवर येतं, कारण इंजिन नुसतं फिरायलाही डिझेल खातं. वहीत लिटरमागं दीड युनिट दिसले तर तीन शक्यता: केडब्ल्यूएच मीटरचं सीटी बिघडलंय, डिझेल गळतंय, नाहीतर डिझेल टाकीत पोचतच नाही. तिसरी शक्यता लै ठिकाणी खरी निघते.

१८० तास, तासाला सरासरी ७ लिटर, म्हणजे १,२६० लिटर. गुणक २.६८ किलो प्रति लिटर. झाले ३,३७७ किलो, ३.४ टन.

आणि एक लक्षात ठेवा: जनरेटरच्या युनिटला ग्रिडचा ०.७२७ लावायचा नाही. लिटर मोजले की ते उत्सर्जन मोजून झालं. दोन्ही धरलं तर तीच वीज दोनदा मोजली जाते. हे युनिट महावितरणच्या बिलातही येत नाहीत, कारण चेंजओव्हर (ग्रिडवरून जनरेटरवर वळवणारा स्विच) मीटरच्या पुढं असतो.

थंडगार
एसीच्या गॅसचं कुणी गांभीर्यानं घेत नाही, म्हणून थोडं सविस्तर.

बिलावर लिहिलेलं असतं 'गॅस चार्जिंग, २ नग'. यावरून काहीच काढता येत नाही. दोनच गोष्टी लागतात, गॅसचा प्रकार आणि वजन. प्रकार बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर असतो: आर-२२, आर-४१०ए किंवा आर-३२. मूळ भरणाही तिथंच किलोमध्ये छापलेला असतो. वजनासाठी तंत्रज्ञाला सांगायचं, सिलिंडर काट्यावर ठेव, भरण्याआधी आणि भरल्यानंतर वजन लिही. काटा त्याच्याकडे असायलाच हवा. आर-४१०ए आणि आर-३२ नुसत्या दाबावर भरणं चुकीचंच आहे.

हे एवढं का? आर-४१०ए चा तापमानवाढ गुणांक २,०८८. एक किलो गळला की २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम, म्हणजे जवळपास ७८० लिटर डिझेल जाळल्याबरोबर. आर-३२ चा ६७५. आर-२२ चा १,८१०, पण तो माँट्रियल करारातला वायू असल्यामुळे स्कोपच्या बेरजेत न धरता खाली स्वतंत्र दाखवतात.

वर्षभरात भरलेला गॅस म्हणजेच गळलेला गॅस, असं धरायचं. नवीन बसवलेल्या एसीचा कारखान्यातला भरणा यात येत नाही. जुना एसी भंगारात दिला आणि गॅस परत सिलिंडरमध्ये काढून घेतला नसेल, तर पट्टीवरचा पूर्ण भरणा गळती म्हणून लिहा. भंगारवाल्यानं नळी कापली की सगळा हवेत जातो.

पैठणगेट_ताई
टँकरचं पाणी कुठं धरायचं? उन्हाळ्यात आमच्याकडे निम्मं पाणी टँकरचंच असतं.

हिशोबनीस
ताई, पाण्याच्या तक्त्यात टँकरचं पाणी 'तिसऱ्या पक्षाकडून' या ओळीत लिटरमध्ये किंवा घनमीटरमध्ये. बोअरचं 'भूजल' ओळीत. बोअरला पाण्याचं मीटर नसेल तर पंपाचे तास × तासाचा प्रवाह, पण तो प्रवाह एप्रिलमध्ये पुन्हा मोजा. पाणी खाली गेलं की तोच पंप निम्मंच पाणी देतो. बोअरच्या पंपाची वीज सामायिक मीटरमध्ये आलेलीच असते, पुन्हा धरू नका.

टँकरचं डिझेल तुमचं स्कोप ३. अंदाज सोपा आहे. जाऊन-येऊन १२ किलोमीटर, टँकर लिटरला ४ किलोमीटर धावतो असं धरलं तर खेपेला ३ लिटर. दीडशे खेपा म्हणजे ४५० लिटर, १.२ टन. बँकेनं मागितलं नसेल तर देऊ नका, पण खेपांची वही ठेवा. जायकवाडीहून शहरात येणाऱ्या पाण्याच्या पंपिंगचं उत्सर्जन तुमच्या हिशोबात येत नाही.

भाडेकरूंच्या चहाच्या गॅससाठी: १९ किलोच्या सिलिंडरला सुमारे ५७ किलो कार्बन डायऑक्साइड. नग मोजा, गुणा, झालं.

परभणीकर_परदेशी
इथं काही जणांची घरं न्यूयॉर्कला आहेत, आणि शहराच्या नियमाबद्दल वेगळ्या धाग्यावर विचारणा झाली होती. तिथं हे सगळं थेट इमारतीच्या मालकावर येतं, म्हणून इथंच लिहितो.

दोन नियम वेगळे ओळखा. लोकल लॉ ८४ म्हणजे नुसती नोंद: दरवर्षी १ मेपर्यंत ऊर्जा आणि पाण्याचा वापर 'पोर्टफोलिओ मॅनेजर' या प्रणालीत भरायचा. लोकल लॉ ९७, वर्ष २०१९ चा, म्हणजे मर्यादा: २५,००० चौरस फुटांपेक्षा मोठ्या बहुतेक इमारतींना २०२४ पासून लागू. ८४ चा भरणा केला म्हणजे ९७ चाही झाला असं नाही. ९७ चा अहवाल नोंदणीकृत इंजिनिअर किंवा आर्किटेक्टनं प्रमाणित करावा लागतो.

५०,००० चौरस फुटांची निवासी इमारत घ्या. २०२४ ते २०२९ ची मर्यादा चौरस फुटाला ०.००६७५ टन, म्हणजे ३३७.५ टन. उत्सर्जन ३६० टन असेल तर २२.५ टन जास्त. टनाला २६८ डॉलरनं ६,०३० डॉलर दंड. २०३० पासून निवासी मर्यादा ०.००३३४६६४ होते, म्हणजे १६७ टन. उत्सर्जन तेवढंच ३६० टन राहिलं तर तोच दंड वर्षाला ५१ हजार डॉलरच्या वर जातो.

पण बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट उशिराची आहे. अहवालच दिला नाही तर दर महिन्याला चौरस फुटाला अर्धा डॉलर. या इमारतीला महिन्याला २५,००० डॉलर. मर्यादा ओलांडण्यापेक्षा न कळवणं कितीतरी महाग पडतं. तेव्हा आकडे वाईट असले तरी वेळेवर भरा.

तिथला विजेचा गुणक २०२४ ते २०२९ साठी ०.२८९ किलो प्रति युनिट ठरवून दिलाय, आपल्या ०.७२७ च्या निम्म्याहूनही कमी. म्हणून तिथं खरा बोजा तळघरातल्या गॅसच्या किंवा तेलाच्या बॉयलरचा असतो, आणि आपल्याकडे विजेचा. तिथला सल्ला जसाच्या तसा इथं लावू नका. वीज कंपनी पूर्ण इमारतीचा एकत्रित आकडा थेट प्रणालीत पाठवते, त्यामुळे घरोघरची बिलं गोळा करावी लागत नाहीत. फ्लॅटमालकानं स्वतः काही भरायचं नसतं, इमारतीचं मंडळ भरतं. पण दंडाचा वाटा मासिक देखभाल शुल्कातून येतो, म्हणून सभेत अहवालाची प्रत जरूर मागा.

गाळेमालक_जालनारोड
सगळ्यांचे आभार, वहीचे रकाने आखायला घेतले. एक राहिलं. सामायिक मीटरवरची ती दोन कार्यालयं. त्यांचा वापर वेगळा कसा काढू? एकात सर्व्हर आहे आणि एसी रात्रंदिवस चालतो.

मीटर_मोजमाप
चौरस फुटांवर वाटणी केली तर सर्व्हरवाल्याचा बोजा दुसऱ्यावर जाईल. पोटमीटर बसवा. लहान कार्यालयाला १०-६० ॲम्पिअरचं थेट जोडणीचं तीन फेज मीटर पुरतं, सीटीच्या भानगडीत पडायला नको.

सीटीचं घ्यावंच लागलं तर ही तपासणी करा. तिन्ही सीटी एकाच दिशेनं बसलेत का? समतोल भारावर एक सीटी उलटा बसला तर मीटर खऱ्या वापराच्या एक तृतीयांश दाखवतं. एकाची तार सुटली असेल तर दोन तृतीयांश. तेव्हा आकडा 'थोडा कमी वाटतोय' असा विचार न करता क्लॅम्प मीटरनं प्रत्येक फेजचा प्रवाह मोजा आणि मीटरवरच्या प्रवाहाशी ताडून पाहा. भार चालू असताना सीटीची दुय्यम बाजू कधीही उघडी सोडायची नाही, तिथं जीवघेणा विद्युतदाब तयार होतो. परवानाधारक तारतंत्रीकडूनच करून घ्या.

बसवल्यावर महिनाभर ताळा पाहा: पोटमीटरांची बेरीज अधिक लिफ्ट-पंप-जिना, आणि समोर ग्रिडचे घेतलेले अधिक सौरचा स्वतःचा वापर. जनरेटर चालला असेल तर त्याचे या भागाला गेलेले युनिटही या बाजूला मिळवा, कारण ते पोटमीटरमधून जातात. दोन-तीन टक्के फरक चालतो. दहा टक्के असेल तर एखादी तार मीटरच्या आधीच फुटलेली आहे.

गोदाकाठ_नांदेड
आणि दादा, मीटर नसलेल्या सरलेल्या वर्षासाठी जोडभार × चालू तास अशी वाटणी करा, आणि पद्धत तक्त्याखाली एका ओळीत लिहा. बँकेला अंदाज चालतो, न सांगितलेला अंदाज चालत नाही.

मीटर_मोजमाप
बरोबर. फक्त पोटमीटर दिवाळीनंतर बसवून हिवाळ्यातल्या तीन महिन्यांचं प्रमाण मागच्या पूर्ण वर्षाला लावू नका. सर्व्हरचा एसी बारा महिने चालतो, दुसऱ्या कार्यालयाचा मार्च ते जून. एप्रिल-मे पोटमीटरवर येईपर्यंत जोडभार × चालू तास हीच वाटणी ठेवा, आणि ते दोन महिने हाती आले की मागचा तक्ता दुरुस्त करून बँकेला पाठवा.